एकाच कॉम्प्युटरवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम: व्हर्च्युअल मशीनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हर्च्युअल मशीन म्हणजे नेमकं काय?

तुमच्या कॉम्प्युटरवर चालणारा एक प्रोग्रॅम, जो दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला आपण अख्खा कॉम्प्युटर असल्याचं बेमालूम भासवतो. तिला प्रोसेसर दिसतो, रॅम दिसते, नेटवर्क कार्ड दिसतं, सुरुवातीला बायोसही (कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी धावणारा प्रोग्रॅम) दिसतं. आणि तिला जी हार्ड डिस्क वाटते, ती तुमच्या डिस्कवरची एक भलीमोठी फाइल असते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

तुमचा खरा कॉम्प्युटर आणि त्यावरची सिस्टिम म्हणजे होस्ट, आत चालणारी सिस्टिम म्हणजे गेस्ट. यजमान आणि पाहुणा. दोघांमध्ये प्रोसेसर आणि मेमरीची वाटणी करतो तो हायपरव्हायजर.

कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या मेनफ्रेमवर १९६० च्या दशकातच हे प्रयोग झाले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आलं. घरगुती पीसीचे प्रोसेसर मात्र या कामासाठी घडवलेले नव्हते. १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन आलं, तेव्हा ते बरीच सॉफ्टवेअरची कसरत करून गेस्ट चालवायचं. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच त्याची सोय दिली, तेव्हापासून काम सोपं झालं.

ड्युअल बूट का करू नये?

करा की. डिस्कचे दोन भाग करून दोन सिस्टिम टाकल्या, तर जी चालू असेल तिला मशीनची सगळी ताकद मिळते. गेम, व्हिडिओ एडिटिंग, ग्राफिक्स कार्डवर चालणारी कामं यासाठी तेच बरं.

पण दोन्ही एका वेळी चालत नाहीत, एकीतून दुसरीत जायला रीस्टार्ट लागतो, आणि पार्टिशन करताना चूक झाली तर खरा डेटा जातो. नुसतं लिनक्स कसं दिसतं ते बघायचंय, एखादं जुनं सॉफ्टवेअर महिन्यातून दोनदा लागतं, काहीतरी मोडून शिकायचंय, अशा वेळी व्हर्च्युअल मशीन घ्या. आत कितीही गोंधळ घातला तरी नुकसान एका फाइलपुरतं.

माझ्या कॉम्प्युटरवर चालेल का?

गेल्या दहा-बारा वर्षांतला बहुतेक कोणताही डेस्कटॉप किंवा लॅपटॉप चालतो. अडतं ते रॅमवर. ८ जीबी असेल तर जमतं, पण हात आखडून वागावं लागतं. १६ जीबी असेल तर निवांत. ४ जीबीवर विंडोजमध्ये विंडोज चालवायचा हट्ट धरू नका, दोन्ही रडतील.

दुसरी गोष्ट डिस्क. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर होस्ट आणि गेस्ट दोघं एकाच वेळी वाचायला-लिहायला लागले की सगळं गोगलगायीच्या चालीने चालतं. एसएसडीने जितका फरक पडतो, तितका महागड्या प्रोसेसरनेही पडत नाही.

मशीन सुरूच होत नाही. ‘व्हीटी-एक्स बंद आहे’ असा काहीतरी एरर येतो.

व्हीटी-एक्स म्हणजे वर सांगितलेली इंटेलची व्हर्च्युअलायझेशनची सोय. बहुतेक वेळा प्रोसेसरमध्ये ती असते, पण बायोसमधून बंद ठेवलेली असते. आधी तपासा: विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’वर जा. खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे चालू की बंद ते दिसतं.

बंद असेल तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बायोसमध्ये शिरा. त्यासाठी कुठे एफ-२, कुठे डिलीट, कुठे एफ-१०, कंपनीगणिक बटण वेगळं. इंटेलच्या मशीनवर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ या नावाचा पर्याय शोधा. एएमडीवर तो बऱ्याचदा ‘एसव्हीएम मोड’ या नावाने ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडलेला असतो. त्या नावात व्हर्च्युअल हा शब्दच नाही, त्यामुळे तो डोळ्यांसमोर असूनही लोक बायोसभर शोधत बसतात. चालू करा, सेव्ह करा, बाहेर पडा.

कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

पहिल्यांदाच करत असाल तर व्हर्च्युअलबॉक्स. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर सारखंच दिसतं, आणि अडलात तर उत्तर शोधायला वेळ लागत नाही. एक खाच आहे: त्याच्यासोबत मिळणाऱ्या एक्स्टेन्शन पॅकचं लायसन्स वेगळं आहे. वैयक्तिक वापर आणि शिक्षणासाठी तो फुकट, ऑफिसच्या कामासाठी नाही. ऑफिसच्या मशीनवर सवयीने टाकून मोकळे होऊ नका.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो पूर्वी विकत घ्यावं लागायचं. २०२४ च्या मेमध्ये ते वैयक्तिक वापरासाठी आणि नोव्हेंबरमध्ये सगळ्यांसाठी फुकट झालं. विंडोज गेस्टचा डेस्कटॉप मला त्यात जास्त गुळगुळीत वाटतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीत मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हायपरव्हायजर, हायपर-व्ही, आतच असतो, होम आवृत्तीत नसतो. तुमचा होस्टच लिनक्स असेल तर केव्हीएमला पर्याय शोधू नका. ते २००७ पासून लिनक्सच्या कर्नलचाच, म्हणजे गाभ्याचाच, भाग आहे, आणि व्हर्ट-मॅनेजर टाकलं की माउसने सगळं करता येतं.

आणि विंडोजवर फक्त लिनक्सच्या कमांड चालवायच्या असतील, डेस्कटॉप नको असेल, तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाका. त्याची दुसरी आवृत्ती आतून व्हर्च्युअल मशीनच आहे, फक्त त्याचा सगळा संसार मायक्रोसॉफ्टने मांडून दिलाय.

व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसतंय. हे काय?

ते थट्टेने ठेवलेलं नाही. विंडोजचं हायपर-व्ही मागे चालू आहे, प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय त्याने धरून ठेवली आहे, आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय, असा त्याचा अर्थ. गेस्ट चालतो, पण मंद.

तुम्ही हायपर-व्ही कधी चालू केलंच नसेल, तरी डब्ल्यूएसएल, विंडोज सँडबॉक्स किंवा विंडोज सिक्युरिटीमधलं ‘मेमरी इंटेग्रिटी’ यापैकी काहीतरी त्याला उठवतं. वेग सोसवत असेल तर कासवाकडे दुर्लक्ष करा. मेमरी इंटेग्रिटी ही खरी सुरक्षा आहे, केवळ कासव घालवण्यासाठी ती बंद करणं मला पटत नाही.

गेस्टला रॅम किती आणि कोर किती द्यायचे?

इथे जवळजवळ प्रत्येक नवखा एकच चूक करतो: मंद चालतंय म्हणून रॅम वाढवतो, आणखी मंद झालं की आणखी वाढवतो. गेस्टला दिलेली रॅम, तो चालू असेपर्यंत, होस्टच्या हातून गेली असंच धरून चाला. ८ जीबीपैकी ६ जीबी गेस्टला दिली, तर उरलेल्या दोनमध्ये होस्टचं विंडोज आणि तुमचा वीस टॅबचा ब्राउझर राहत नाही. मग होस्ट डिस्कचा वापर रॅमसारखा करायला लागतो, आणि त्याच डिस्कवर गेस्टची फाइल असते. डिस्कचा दिवा विझत नाही आणि माउसही अडखळायला लागतो. यजमानच उपाशी राहिला तर पाहुण्याचं पोट कसं भरणार?

म्हणून उलट्या बाजूने हिशेब करा. तुमच्या नेहमीच्या गोष्टी उघडा, टास्क मॅनेजरमध्ये किती रॅम मोकळी राहते ते पाहा, आणि त्यातलीही थोडी मागे ठेवून बाकीची गेस्टला द्या. हलका लिनक्स डेस्कटॉप २ जीबीत सुरू होतो, उबुंटूला ४ दिली तर बरं, विंडोज ११ ला ४ ही किमान अट आहे आणि ६ ते ८ मध्ये ते माणसात येतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये रॅमच्या पट्टीला हिरवा, नारिंगी, लाल रंग दिलेत. हिरव्यातच राहा.

कोरचंही तेच. दोनपासून सुरुवात करा. सगळे कोर देऊन टाकले की गेस्ट वेगवान होत नाही, होस्ट आणि गेस्ट त्याच कोरसाठी भांडत बसतात.

५० जीबीची डिस्क दिली. लगेच ५० जीबी जागा जाते का?

‘डायनॅमिक’ प्रकार निवडला असेल तर नाही. गेस्टला ५० जीबी दिसतात, पण होस्टवरची फाइल गेस्ट जितकं लिहील तितकीच वाढते. ‘फिक्स्ड’ निवडलंत तर पूर्ण जागा आधीच अडते.

ग्यानबाची मेख अशी की डायनॅमिक फाइल वाढते, पण आपणहून आटत नाही. गेस्टमध्ये २० जीबीचा सिनेमा टाकला आणि पुसला, तरी होस्टवरची फाइल फुगलेलीच राहते. कमी करायची तर आधी गेस्टमधली रिकामी जागा शून्यांनी भरावी लागते, मग मशीन बंद करून फाइल दाबून बसवायची. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यासाठी ‘व्हीबॉक्समॅनेज’ नावाचा कमांडचा प्रोग्रॅम आहे. फार वेळ जातो, त्यामुळे मी मोठ्या फाइली गेस्टमध्ये नेतच नाही.

आणि होस्टची डिस्क भरू देऊ नका. गेस्ट बिचारा आपल्याला ३० जीबी शिल्लक आहेत असं समजून लिहीत असतो, इकडे खरी जागा संपलेली असते. व्हर्च्युअलबॉक्स अशा वेळी गेस्टला जागच्या जागी थांबवतं. होस्टवर जागा करून द्या आणि पुढे चालू करा, घाबरून खिडकी बंद करू नका.

माउस खिडकीत अडकला, बाहेरच येत नाही!

व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजव्या बाजूचं कंट्रोल बटण एकदा दाबा. व्हीएमवेअरमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र. सुटला.

गेस्टची साधनं टाकली की हा त्रास सहसा संपतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यांना गेस्ट ॲडिशन्स म्हणतात, व्हीएमवेअरमध्ये टूल्स. ती नसताना पडदाही चिमुकला असतो, आणि खिडकी कितीही ताणली तरी भोवती काळी चौकटच वाढते. नवीन गेस्ट उभा केला की ती टाकणं हे पहिलं काम. लिनक्सवर कर्नल बदलला आणि पडदा पुन्हा चिमुकला झाला, तर ती परत टाका.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं की ते होस्टच पकडतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवं कंट्रोल धरून डिलीट, व्हीएमवेअरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-इन्सर्ट.

गेस्टमध्ये मराठी टाइप होत नाही.

होस्टवर मराठी कीबोर्ड लावलेला असला तरी गेस्टला फक्त कोणतं बटण दाबलं एवढंच कळतं. अक्षर कुठलं उमटवायचं ते गेस्टने ठरवायचं असतं. म्हणून गेस्टच्या सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड वेगळा लावा.

नेटवर्कमध्ये नॅट, ब्रिज्ड, होस्ट-ओन्ली... यातलं काय निवडू?

इंटरनेटपुरतं हवं असेल तर नॅट, आणि ते आधीच निवडलेलं असतं. गेस्ट होस्टच्या आडून बाहेर जातो, बाहेरच्या कोणाला तो दिसत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये अशा गेस्टचा पत्ता बहुधा १०.०.२.१५ असतो. दोन गेस्ट चालू केले आणि दोघांचाही हाच पत्ता दिसला, तर बिघाड शोधत बसू नका: प्रत्येकाचं नॅट स्वतंत्र असतं आणि ते एकमेकांना बघूही शकत नाहीत. गेस्टमधून होस्टपर्यंत पोहोचायचं तर १०.०.२.२.

ब्रिज्डमध्ये गेस्ट तुमच्या राउटरकडून स्वतःचा पत्ता घेतो आणि घरातला आणखी एक कॉम्प्युटर बनतो. गेस्टमध्ये वेबसर्व्हर चालवून मोबाइलवर बघायचाय, तर हे. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वाय-फायवर मात्र ब्रिज्ड बऱ्याचदा चालत नाही, कारण एका जोडणीमागे दुसरं यंत्र तिथे चालवून घेत नाहीत. तासभर डोकं खाजवण्याआधी नॅटवर जाऊन बघा.

होस्ट-ओन्ली म्हणजे फक्त तुमचा होस्ट आणि गेस्ट, बाहेर वाट नाही. प्रयोगासाठी छान.

फायलींची देवाणघेवाण कशी करायची?

शेअर्ड फोल्डर. लिनक्स गेस्टमध्ये व्हर्च्युअलबॉक्सचं शेअर्ड फोल्डर उघडताना ‘परवानगी नाही’ आलं, तर तुमच्या युजरला ‘व्हीबॉक्सएसएफ’ ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. गेस्टला फक्त वाचायचं असेल तर ‘रीड-ओन्ली’वर खूण करा.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप का?

नाही, आणि हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलोय.

स्नॅपशॉट घेतला की डिस्कची मूळ फाइल त्या क्षणी गोठते. त्यानंतरचं सगळं लिखाण वेगळ्या फाइलमध्ये जातं, आणि ती ‘स्नॅपशॉट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये, महिरपी कंसातल्या लांबलचक नावाने, गुपचूप पडलेली असते. मला हे माहीत नव्हतं. जुना लॅपटॉप रिकामा करताना मी मोठ्या थाटात डिस्कची मूळ फाइल बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी केली आणि लॅपटॉप फॉरमॅट केला. नवीन मशीनवर गेस्ट सुरू झाला, डेस्कटॉप आला, पण त्यावर माझं गेल्या तीन महिन्यांचं काम नव्हतं. गेस्ट थेट स्नॅपशॉटच्या दिवशी जाऊन बसला होता. तीन महिन्यांचं लिखाण त्या फोल्डरमध्ये होतं, आणि फोल्डर फॉरमॅटमध्ये गेला.

तेव्हा बॅकअप घ्यायचा तर मशीन बंद करून तिचा अख्खा फोल्डर कॉपी करा, किंवा ‘एक्स्पोर्ट’ करा.

स्नॅपशॉटचा खरा उपयोग तासा-दोन तासांचा. धोक्याचं काहीतरी करण्याआधी घ्या, जमलं तर पुसा, फसलं तर मागे जा. ‘डिलीट’ या शब्दाला लोक बिचकतात, पण स्नॅपशॉट पुसल्याने आजची अवस्था जात नाही, बदल मूळ फाइलमध्ये मिसळतात. त्यासाठी होस्टवर थोडी जागा आणि वेळ लागतो. आजचं काम जातं ते ‘रिस्टोअर’ने. दहा-बारा स्नॅपशॉटची उतरंड रचून ठेवलीत तर गेस्ट मंदावतो आणि जागा खातो, आणि मधलं एक मडकं फुटलं की वरची सगळी गेली.

गेस्टमध्ये व्हायरस शिरला तर होस्टपर्यंत येतो का?

सहसा नाही, पण कधीच नाही असं म्हणता येत नाही. २०१५ मध्ये ‘व्हेनम’ नावाची त्रुटी उघड झाली. क्यूईएमयू या यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणाऱ्या कोडमध्ये ती २००४ पासून होती, आणि तिच्यातून गेस्टमधल्या कोणाला होस्टवर पोहोचणं शक्य होतं. तोच कोड वापरणारे झेन (आणखी एक हायपरव्हायजर), केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्सही त्यात सापडले. फ्लॉपी कोण वापरत होतं तेव्हा! म्हणून सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा आणि न लागणारी यंत्रं मशीनच्या सेटिंगमधून काढून टाका.

पण अशा कसबी हल्ल्यापेक्षा साधी वाट जास्त धोक्याची: लिहायची परवानगी असलेलं शेअर्ड फोल्डर. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम गेस्टमध्ये आला, तर शेअर्ड फोल्डरही त्याच्या हाती लागतो. संशयास्पद फाइल उघडायची असेल तर शेअर्ड फोल्डर, कॉपी-पेस्ट आणि नेटवर्क तिन्ही तोडा, मगच उघडा.

विंडोज ११ टाकताना ‘हा पीसी चालणार नाही’ म्हणतं.

टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (खात्रीची सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) लागतं, आणि ६४ जीबीची डिस्क. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून, म्हणजे २०२२ पासून, खोटी टीपीएम चिप देता येते. मशीनच्या सेटिंगमध्ये टीपीएम आणि ईएफआय (बायोसची नवी पिढी) चालू करा. डिस्क डायनॅमिकच द्या, म्हणजे ६४ म्हटलं तरी लगेच जात नाहीत.

लायसन्स लागतं का?

लिनक्सला नाही. विंडोजला लागतं, गेस्ट हा वेगळा कॉम्प्युटरच धरला जातो. मॅकओएसची अट अशी की ते ॲपलच्याच यंत्रावर चालवायचं. इतरत्र चालवणारे लोक आहेत, पण ते अटीबाहेरचं आहे.

माझा मॅक एम-मालिकेतला आहे. त्यावर विंडोज?

२०२० पासूनच्या या मॅकचे प्रोसेसर एआरएम जातीचे आहेत. हायपरव्हायजर प्रोसेसरची भाषा बदलत नाही, आहे तोच प्रोसेसर वाटून देतो. म्हणून विंडोज आणि लिनक्स दोन्हींच्या एआरएम आवृत्त्या घ्याव्या लागतात. पॅरलल्स, व्हीएमवेअर फ्यूजन किंवा यूटीएममध्ये त्या उत्तम पळतात. नेहमीच्या पीसीची आयएसओ (सिस्टिम टाकायची फाइल) घेतली तर ती बूटच होत नाही. यूटीएममध्ये पीसीच्या प्रोसेसरची नक्कल करता येते, पण वेग पाहून तुमचा धीर सुटेल.

जुनं विंडोज एक्सपी किंवा डॉस चालवू का?

आवर्जून चालवा. जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, जुना खेळ, यासाठी यापेक्षा चांगली सोय नाही. एक्सपीला सुरक्षेचे अपडेट २०१४ मध्ये थांबले, त्यामुळे त्याची नेटवर्कची वायर काढलेलीच ठेवा. डॉस नुसतं सी-प्रॉम्प्टवर बसलं असलं तरी होस्टचा एक कोर पूर्ण वापरताना दिसेल आणि पंखा गरगरेल. त्या काळी प्रोसेसरला विश्रांती द्यायची पद्धतच नव्हती, डॉस अखंड ‘बटण दाबलं का, बटण दाबलं का’ विचारत फिरत असतं.

मशीन दुसऱ्या कॉम्प्युटरवर कशी न्यायची?

‘एक्स्पोर्ट’ करून ओव्हीए नावाची एक फाइल बनवा आणि तिकडे ‘इम्पोर्ट’ करा. व्हर्च्युअलबॉक्समधून व्हीएमवेअरमध्येही अशी नेता येते, मात्र स्नॅपशॉटचा इतिहास सोबत जात नाही, शेवटची अवस्था जाते. नेण्याआधी गेस्ट आतून रीतसर शटडाउन करा. ‘सेव्ह स्टेट’ करून ठेवलेली मशीन म्हणजे झोपेत उचलून नेलेला पाहुणा, वेगळ्या प्रोसेसरवर डोळे उघडताना ती हमखास अडखळते. विंडोज गेस्ट नव्या जागी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकतं, लायसन्सची ‘की’ हाताशी ठेवा.